पॉड कोणाचं

मंगळ., १३ जानेवारी

निळं व्हेप गेलं. पुन्हा गळलं. सकाळी बाटमला, इंडोनेशियाच्या बेटावरच्या शिपयार्डच्या ऑफिसात ड्रॉवर उघडला तर खालचा टिश्यू चिकट आणि पुदिन्याचा वास सगळ्या व्हाउचर्सना. शेजारच्या टेबलावरून रिनी हसली. "बू वैदेही, आय टोल्ड यू." बू म्हणजे इथे बाई. तिनेच मला या नादाला लावलं, तिच्याच चुलतभावाचं दुकान यार्डाच्या गेटसमोर, आणि निळं त्याच दुकानातलं. तरी आय टोल्ड यू.

निळ्याचं चांगलं: ओढ घट्ट, सिगरेटच्या जवळची. बटण नाही, तोंडाला लावलं की सुरू. वाईट: ज्यूस, म्हणजे निकोटिनचा द्रव, भरायचं भोक बाजूला, त्याचं रबरी बूच नीट बसत नाही. रोजच्या वापराला हे चालणार नाही.

संध्याकाळच्या फेरीबोटीने परत. निघताना ड्रॉवरला कुलूप. बॅग, पर्स, खिसे तपासून मगच धक्क्यावर. सिंगापुरात हे नुसतं जवळ असणं गुन्हा आहे, आणि मी तिथे कधीही, एकदाही, नेलेलं नाही. आठवड्याचे तीन दिवस समुद्रापलीकडे ओढते. बाकीचे दिवस गिरीशची, सिगरेट कधीच सोडून दिलेली बायको.

गुरु., १५ जाने.

दुकानात जेवणाच्या सुट्टीत. चुलतभावाने काचेवर सगळी मांडली. भरता येणारी म्हणजे रिफिलेबलच दाखव म्हटलं, आयती भरून सीलबंद केलेली नकोत. त्यात कोण काय भरतं देव जाणे. दोन घेतली, चपटं आणि काळं. आठवडाभर आलटून पालटून वापरून बघणार.

रिनी म्हणाली, तू नवरा निवडताना एवढं बघितलंस का? म्हटलं, तेव्हा दोन पर्याय कुठे होते.

बुध., २१ जाने.

चपटं: हलकं, तळहातात मावतं. पण तासाभरात गुळगुळ आवाज सुरू, ओढताना जिभेवर गरम थेंब. तापणारी कॉइल पॉडमध्येच, म्हणजे ज्यूसच्या डबीतच, चिकटवलेली, ती जळली की अख्खं पॉड फेका. बॅटरी दुपारीच मान टाकते.

काळं: जड. दिसायला पुरुषी. पण ज्यूस वरून भरायचा, गळत नाही. कॉइल एकटी बदलता येते. बाजूला काचेची पट्टी, किती उरलं ते दिसतं. नवी कॉइल टाकल्यावर थोडा वेळ ज्यूस मुरू द्यावा लागतो, मी घाई केली आणि घशात जळक्या कापसाची चव. चूक माझी, त्याची नाही.

काळं ठरलं. घरातल्या फ्रिजसाठी मला कोणी एवढं विचारलं नव्हतं. फ्रिज गिरीशने परस्पर आणला, डावीकडे उघडणारा.

शनि., २४ जाने.

आंग मो किओ, सिंगापूर. घरी. गि. सकाळी पळायला जाऊन आला, घामाने निथळत टेबलाशी उभा राहून लेक्चर. खाली ब्लॉकच्या कोपऱ्यात कोणी तरी ओढत होतं, त्याला वास आला. "हे लोक फक्त स्वतःला नाही मारत." मी पोहे परतत होते.

मग नागरिकत्वाचा विषय, कारण त्याच्या पाया लेबार भागातल्या बँकेतल्या कोणाला तरी मिळालं. गि. आणि आमची इरा गेल्या वर्षी इथले नागरिक झाले. मी पी.आर.च, कायम राहायची परवानगी तेवढी. "एकाने भारतीय पासपोर्ट ठेवावा, ठाण्याच्या फ्लॅटचं, तुझ्या आईचं सोपं पडतं." तो एक म्हणजे मी, हे बोलायचीही गरज पडली नाही.

इरा बारा वाजता उठली. हातातून दुधाचा ग्लास सुटला. उचलताना बोटं थरथरत होती. म्हटलं, बरं नाही का? "आय'म फाइन, आई. डोन्ट स्टार्ट." गि. म्हणाला ओ लेव्हलचं, म्हणजे इथल्या दहावीचं वर्ष आहे, झोप कमी पडते. असेल.

गुरु., २९ जाने.

यार्डात ऑडिट. काळं दिवसभर पुरलं. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

मंगळ., ३ फेब्रुवारी

शाळेचा फोन बाटमला आला. इराच्या बॅगेत व्हेप सापडलं. ताबडतोब या. मध्ये समुद्र आहे हे त्या बाईंना कसं सांगणार. दुपारच्या फेरीत उभीच होते, बसवलं नाही.

शिस्तीचं बघणाऱ्या सरांची खोली. गि. आधीच येऊन बसलेला, टाय लावून. इरा खुर्चीच्या काठावर, माझ्याकडे बघत नव्हती. टेबलावर पारदर्शक पिशवी, आत ते.

सर फार सभ्य होते. म्हणाले, तुमची मुलगी सांगते आहे की हे तिच्या आईचं आहे. सकाळी चुकून तिच्या बॅगेत आलं.

मी पिशवीकडे बघितलं. गुलाबी, बोटाएवढं, गुळगुळीत. भरायला भोक नाही. काच नाही. सीलबंद पॉड. माझं नाही हे तर झालंच, पण ज्या जातीचं मी दुकानात हातात धरायलाही नको म्हटलं त्या जातीचं. ज्यात भुलीचं, ऑपरेशनच्या वेळी देतात ते औषध सापडतं म्हणून इथल्या प्रत्येक बसस्टॉपवर पोस्टर आहे, त्या जातीचं.

तोंड उघडायच्या आत गि. म्हणाला, "येस. इट मस्ट बी हर्स. शी ट्रॅव्हल्स टू बाटम."

म्हणजे त्याला माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे.

मी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. सरांनी त्याचा अर्थ हो असा घेतला. वस्तू तपासणीला जाणार, कळवणं शाळेला भाग आहे, अधिकारी बोलावतील.

टॅक्सीत ड्रायव्हरच्या रेडिओवर नववर्षाची चिनी गाणी.

बुध., ४ फेब्रु.

रजा. इराच्या खोलीत गेले, दार लावलं.

"माझं नाव का घेतलंस?"

"यू ऑलरेडी डू इट, आई. तुला काय फरक पडतो?"

तिला कसं कळलं: माझ्या फोनवर रिनीचे मेसेज. कॉइल, ज्यूस, कुठलं गळतं, कुठलं नाही. पावसाळ्यापासून माहीत आहे म्हणे. तिनेच गि.ला सांगितलं होतं. दोघांनी मिळून मला न सांगायचं ठरवलं. माझ्या घरात माझ्याबद्दलचं गुपित, आणि ते ठेवणारे दोघं जण. मी मात्र फेरीत तोंडात वेलची धरून यायची.

विचारलं, त्यात काय होतं? "मँगो." मँगोशिवाय? खांदे उडवले. कोणी दिलं? खांदे. रोज? "नॉट एव्हरी डे लाह."

शुक्र., ६ फेब्रु.

गि. दोन दिवस समजावतोय. आवाज चढवत नाही, हेच जास्त वाईट.

"तुझं काय जाणार आहे? पहिलीच वेळ. दंड होईल, भरू."

"तिचं आयुष्य पुढे आहे, वैदेही."

"आणि माझं?"

"तुझं सेटल आहे."

सेटल. हा शब्द माझ्यासाठी वापरला गेलेला मी प्रथमच ऐकला. मी इतकी वर्षं आठवड्यातून सहा वेळा समुद्र ओलांडते आहे.

सांगितलं त्याला की हे माझ्यासारखं नाहीच, हे सीलबंद आहे, त्यात ते दुसरं असू शकतं. म्हणाला, "तुला बरी माहिती आहे सगळी." मग लॅपटॉप उघडून बसला.

रवि., ८ फेब्रु.

आईचा ठाण्याहून फोन. काय करतेस? म्हटलं भाजी चिरतेय. इरा कशी आहे? अभ्यास करतेय. गिरीश? पळायला गेलाय. सगळं खरं होतं.

गुरु., १२ फेब्रु.

बोलावणं आलं. चिनी नववर्षाच्या सुट्ट्या झाल्या की सोमवारी, २३ला. मी आणि इरा. पालक म्हणून गि. आला तर चालेल.

जेवताना त्याला पुन्हा विचारलं. समजा तपासणीत भुलीचं औषध निघालं, आणि मी माझं म्हणून सांगितलं, तर? मी नागरिक नाही. पी.आर. जाऊ शकते. परत पाठवतात.

तो वरणभात कालवत होता. थांबला नाही. "निघालंच तर काही दिवस ठाण्याला राहशील. आईंनाही बरं वाटेल. मी बघेन इथलं."

म्हणजे विचार करून झाला होता. लॅपटॉपवर तो हेच वाचत होता. मी गेल्यावर स्वयंपाकाचं काय, इराच्या क्लासचं काय, सगळं लावून झालेलं असणार. तो माणूस प्रवासाची बॅगसुद्धा आठवडाभर आधी भरतो.

ताट उचललं, सिंकमध्ये ठेवलं, नळ सोडला. मोठा सोडला.

इरा तिथेच होती. काकडी खात होती.

रवि., १५ फेब्रु.

हे नीट लिहायला हवं.

दुपारी तिघं हॉकर सेंटरला. सणाच्या आधीची गर्दी, एक टेबल कसंबसं मिळालं. इराने फिशबॉल नूडल्स घेतल्या. मध्येच उठून टॉयलेटला गेली, बराच वेळ. परत आली ती पाय ओढत. चॉपस्टिक हातात राहीनात, मान डुलायला लागली, आणि बघता बघता स्टुलावरून घसरून खाली. डोळे उघडे, पण आत कोणी नाही. मी हाक मारतेय, गालावर मारतेय, काही नाही. शेजारच्या टेबलावरची चिनी आंटी खाली बसली, तिने इराचं डोकं मांडीवर घेतलं, तोंड एका बाजूला वळवलं. मला म्हणाली, होल्ड हर हँड. मी धरला. बर्फासारखा.

गि. उभा होता. मी वर बघितलं तेव्हा तो आजूबाजूच्या टेबलांकडे बघत होता. आमच्या मराठी मंडळातलं कोणी आहे का ते.

थोड्या वेळाने ती हसली. "आय स्लिप्ड लाह." शब्द जाड येत होते.

मी म्हटलं हॉस्पिटल. गि. म्हणाला, हॉस्पिटलला नेलं की संपलं, ते कळवणार. आता शुद्धीवर आहे ना? घरी चल. आंटी म्हणाली, यू मस्ट गो. गि. तिला थँक्यू म्हणाला आणि इराला काखेत धरून टॅक्सीकडे निघाला. मीही निघाले. त्या बाईने मागून काही तरी म्हटलं, मला ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं.

घरी आल्यावर तिच्या स्लिंग बॅगेत आणखी एक. हिरवं, सीलबंद. ते तिच्यासमोर पलंगावर ठेवलं. "हे पण माझंच का?"

ती रडली. फार दिवसांनी माझ्यासमोर रडली. "डोकं शांत होतं, आई. जस्ट फॉर अ व्हाइल. यू ऑल्सो व्हॉट. यू ऑल्सो."

फेरीतून उतरून यार्डात पाऊल टाकलं की मी पहिलं काय करते, ते मला माहीत आहे. शांत होतं, हेच मीही सांगितलं असतं.

रात्रभर तिच्या खोलीत जमिनीवर झोपले. गि.ने हिरवं काढून घेतलं. काय केलं विचारलं तर म्हणाला, तू त्यात पडू नकोस.

गुरु., १९ फेब्रु.

बाटम. रिनीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, बू, तुझ्या नावावर घेतलंस तर तिची तपासणी कोण करणार? तिला औषध कोण देणार? मी म्हटलं गि. म्हणतो खासगी डॉक्टर बघू. "ही विल?" नाही. तो नाही बघणार. ओ लेव्हल झाल्यावर बघू म्हणेल, मग निकाल लागल्यावर.

काळं काढून बाहेर गेले, यार्डाच्या भिंतीशी उभी राहिले. समोर उलटं करून ठेवलेलं जहाजाचं झाकण, वेल्डिंगच्या ठिणग्या. सोडलेलं नाही मी. इथे तरी खोटं कशाला लिहू. आज तर जास्तच ओढलं.

सोम., २३ फेब्रु.

झालं.

सकाळी गि.ने माझी साडी काढून ठेवली होती. निळी, इस्त्री केलेली. म्हणाला, साडीत जबाबदार वाटतेस. मी ऑफिसची पँट घातली.

इरा शाळेच्या गणवेशात. एम.आर.टी. मेट्रोत तिच्या शेजारी बसले, तिने इयरफोन घातले. गि. समोर उभा, दांडा धरून, मला शेवटचं सांगत होता. मराठीत, डब्यात कोणाला कळू नये म्हणून. "कमी बोल. माझं आहे, चूक झाली, एवढंच."

खोलीत एक बाई आणि एक तरुण अधिकारी. बाई माझ्याच वयाच्या असतील. चहा विचारला. पिशवी पुढे केली. "मॅडम, हे तुमचं आहे का?"

मी इराकडे बघितलं. ती जमिनीकडे.

म्हटलं, नाही.

गि.ची खुर्ची वाजली. बाईंनी त्याला हाताने थांबवलं.

मी सांगितलं, मी ओढते, पण बाटमला. माझं भरता येणारं आहे, याला भोक नाही बघा. हे मी कधी हातात घेतलेलं नाही. मग त्यांनी विचारलं, तर मग कोणाचं? हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, तरी त्याच्यासाठी वाक्य तयार केलं नव्हतं. म्हटलं, माझ्या मुलीचं. ती आजारी आहे. आठ दिवसांपूर्वी पडली. तिला मदत पाहिजे.

इराने वर बघितलं. राग नव्हता. मी अनोळखी आहे असं बघितलं.

त्यांनी तिला दुसऱ्या खोलीत नेलं, लघवीच्या तपासणीला. आम्ही दोघं बाकावर. गि. हळू आवाजात म्हणाला, "स्वतःला वाचवलंस."

मी म्हटलं, हिरवं कुठे टाकलंस ते त्यांना सांगू का? मला वाईट वाटलं नाही.

शुक्र., २७ फेब्रु.

निघालं. पॉडमध्येही, तिच्यातही.

दर आठवड्याला समुपदेशन, अधूनमधून अचानक तपासणी. नियम पाळले तर तुरुंग वगैरे नाही, लहान आहे. शाळेतून काही दिवस निलंबन. परीक्षेला बसता येईल. बाईंनी फोनवर दोनदा सांगितलं, बसता येईल. मी गि.ला सांगितलं. तो म्हणाला, "बसता येईल, पण आता पुढे सगळीकडे विचारतील." त्याने हॉलमध्ये गादी घातली आहे. पाठ दुखते म्हणतो.

माझ्या पी.आर.ला काही झालेलं नाही.

इरा जेवते, ताट धुते, खोलीत जाते. माझ्याशी बोलत नाही. खोलीतून ओकारीचा आवाज येतो, दार वाजवलं की "गो अवे, आई."

मंगळ., ३ मार्च

बाटम. आईचा फोन इथेच, धक्क्यावर घेतला. गि.ने तिला कळवलंय. त्याच्या पद्धतीने. आई म्हणाली, "पोरीवर ढकलायचं कसं सुचलं ग तुला?" मी सगळं सांगायला गेले, फेरीची घोषणा झाली, लाइन तुटली. परत लावला नाही.

शनि., ७ मार्च

समुपदेशनाची दुसरी वेळ. पहिल्या वेळी गि. घेऊन गेला, आज म्हणाला तू जा. बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. इरा आत तासभर. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले, पण चालणं सरळ. हात बघितले. अजून थरथरतात, कमी.

बसस्टॉपवर ऊन. बसला वेळ होता. तिला कोपऱ्यावरून थंड बार्ली आणून दिली, तिने घेतली. अर्धी प्यायली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली. पूर्ण मराठीत बोलली, जसं ती फक्त आजीशी बोलते.

"आई, तू खरं का सांगितलंस? माझ्यासाठी, का तुझ्या पी.आर.साठी?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं.

"ओके लाह."

बस आली. ती पुढे जाऊन खिडकीशी बसली, बॅग उचलून मांडीवर घेतली, म्हणजे शेजारची जागा रिकामी केली. मी बसले.

आता घरी येऊन लिहिते आहे, ती झोपली आहे. उत्तर मी फार पटकन दिलं. तिने जितका वेळ प्रश्न जपून ठेवला, त्याच्या निम्मा वेळ तरी मी घ्यायला हवा होता. आणि घेतला असता तर काय म्हटलं असतं, ते दुपारपासून शोधते आहे.